पानिपतचे तिसरे युद्ध (१७६१) : भूरचना, हवामान व मानवी भूगोल यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास

सारांश

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेल्या युद्धाची कारणमीमांसा प्रामुख्याने नेतृत्व, मुत्सद्देगिरी आणि युद्धतंत्र या अंगांनी झालेली आहे. प्रस्तुत लेखात याच युद्धाचा विचार भूगोलाच्या अंगाने केला आहे. यमुनेचे ऋतुमानानुसार बदलणारे पात्र, मैदानी भूरचना, उत्तरेकडील शेतीचे वेळापत्रक, हिवाळी हवामान आणि दुआबातील वस्तीची रचना या घटकांनी १४ जानेवारीपूर्वीच युद्धाची दिशा बरीचशी निश्चित केली होती, असे येथे प्रतिपादन केले आहे. मात्र निसर्ग उभय पक्षांना सारखाच होता. त्याचा लाभ ज्याला स्थानिक समाजाचा आधार होता त्याला मिळाला. म्हणून या युद्धात प्राकृतिक भूगोलापेक्षा मानवी भूगोल अधिक निर्णायक ठरला, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : पानिपत, यमुना, दुआब, खादर, बांगर, रसद, ऐतिहासिक भूगोल.

प्रस्तावना

मराठी भाषेत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार सर्वनाशाच्या अर्थाने रूढ झाला आहे. एखाद्या गावाचे नाव दूरच्या प्रांतातील भाषेत पराभवाचे सामान्यनाम व्हावे, यावरूनच या घटनेचा महाराष्ट्राच्या मनावर उमटलेला ठसा लक्षात येतो. तथापि अशा ठशामुळे घटनेचे विश्लेषण कठीण होते. पानिपतच्या पराभवाची चर्चा बहुधा व्यक्तींच्या दोषांपाशी येऊन थांबते. सदाशिवरावभाऊंचा हट्ट, मल्हारराव होळकरांचे रणांगण सोडणे, सोबत नेलेला यात्रेकरूंचा आणि बुणग्यांचा भार ही कारणे वर्षानुवर्षे सांगितली जातात. ज्यांना व्यक्तिदोष पुरेसे वाटत नाहीत ते दैवाकडे वळतात आणि ‘संक्रांत कोसळली’ असे म्हणतात.

यातील संक्रांतीचा मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे. युद्धाचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार असा होता. निरयन गणनेनुसार मकर संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने १७६१ मध्ये संक्रांत १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. आजच्या दिनदर्शिकेतील तारीख मागे नेऊन लोकस्मृतीने हा योग जुळविला आहे. सूर्याचा या युद्धाशी संबंध होता, परंतु तो वेगळ्या प्रकारचा होता. त्याचा विचार पुढे केला आहे.

त्र्यं. शं. शेजवलकर यांनी ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात या युद्धाची नव्याने मांडणी केल्यापासून मराठी अभ्यासकांचे लक्ष व्यक्तिदोषांपलीकडील कारणांकडे वळले. शुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेल्या काशीराज पंडितांचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत, नाना फडणविसांचे आत्मचरित्र आणि उपलब्ध मराठी पत्रव्यवहार यांतही भूगोलाविषयीची माहिती विखुरलेली आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. पानिपत परिसराच्या भूरचनेचा युद्धाच्या स्वरूपाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. ऋतुचक्र व शेतीचे वेळापत्रक यांचा सैन्याच्या हालचालींवर आणि रसदीवर झालेला परिणाम पाहणे.
३. दुआब व दिल्ली परिसरातील मानवी भूगोलाने उभय पक्षांना दिलेला आधार वा केलेला अडथळा यांची तुलना करणे.

पानिपतचे स्थान

पानिपत हे गाव दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, यमुनेच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटर उंचीवर वसलेले आहे. उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याचे अरण्य आणि नैर्ऋत्येस राजस्थानचा कोरडा प्रदेश यांच्या दरम्यान सपाट, सुपीक आणि पाण्याची सोय असलेली एक पट्टी आहे. वायव्येकडून गंगेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या सैन्याला हाच मार्ग सोयीचा पडे. ११९१ व ११९२ मधील तराईच्या लढाया, १५२६ व १५५६ मधील पानिपतच्या पहिल्या दोन लढाया आणि १७३९ मधील कर्नालची लढाई या सर्व याच पट्टीत झाल्या. दिल्लीच्या सत्तेला उत्तरेकडून येणाऱ्या शत्रूला अडवावयाचे असेल, तर त्यासाठी हे शेवटचे मोकळे मैदान होते.

१७६१ च्या युद्धात मात्र एक विलक्षण उलथापालथ झाली. वायव्येकडून आलेला अब्दाली दिल्लीच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेस होता आणि दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेस होते. अब्दालीच्या पाठीशी दिल्ली होती, तर मराठ्यांच्या पाठीशी पंजाब. प्रत्येक सैन्य दुसऱ्याच्या घरच्या वाटेवर उभे होते. ही स्थिती यमुना नदीमुळे निर्माण झाली.

यमुना : बंद झालेले आणि उघडलेले दार

उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून उत्तरेकडे निघाले. जानेवारीत यमुनेकाठच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते आणि त्यानंतर अब्दाली दुआबात, गंगेकाठी अनुपशहर येथे छावणी करून राहिला होता. भाऊंचा मूळ बेत आग्र्याच्या आसपास नावांचा पूल बांधून यमुना ओलांडण्याचा आणि अब्दालीला दुआबातच गाठण्याचा होता. गंगा व यमुना या दोन फुगलेल्या नद्यांच्या मध्ये शत्रूला कोंडावयाचे आणि अयोध्येच्या शुजाउद्दौल्याला त्याच्यापासून अलग पाडावयाचे, हा विचार भौगोलिक दृष्ट्या उत्तम होता.

परंतु सैन्य जून महिन्यात चंबळेपाशी पोहोचले आणि पाऊसही त्याच सुमारास आला. वाटेतील गंभीर नदीच्या पुराने मुक्काम लांबला. जुलैच्या मध्यास आग्र्याजवळ येईपर्यंत यमुना दुथडी भरून वाहत होती. नावांचा पूल होऊ शकला नाही. याच महिन्यात शुजाउद्दौला अब्दालीला जाऊन मिळाला. मराठ्यांसाठी दुआबाचे दार बंद झाले आणि सैन्य यमुनेच्या पश्चिम काठाने दिल्लीकडे वळले. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, परंतु दिल्लीत ना पुरेसे धान्य होते ना द्रव्य.

येथे दख्खनच्या आणि उत्तरेच्या नद्यांमधील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. भीमा, नीरा, सीना या नद्या पावसाबरोबर चढतात आणि पाऊस ओसरला की लवकर उतरतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याची प्रथा याच अनुभवावर आधारलेली आहे. यमुनेचा उगम हिमालयात असून तिला पावसाबरोबर बर्फाचेही पाणी मिळते. पाणलोट क्षेत्र विस्तीर्ण असल्याने तिचे पाणी सावकाश ओसरते आणि मैदानात तिचे पात्र व उतार वर्षागणिक बदलतात. कोणत्या आठवड्यात कोठे पायउतार होईल हे नकाशावरून समजत नाही, ते काठावरच्या माणसालाच ठाऊक असते.

ऑक्टोबरमध्ये भाऊ दिल्लीहून उत्तरेकडे निघाले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले. तेथे अब्दालीसाठी साठविलेले धान्य मराठ्यांच्या हाती लागले. दसरा तेथेच साजरा झाला. नदी अद्याप उतरलेली नाही, सबब शत्रू पलीकडेच अडकलेला आहे, असा मराठ्यांचा समज होता. मात्र २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवरील बागपतजवळ यमुना ओलांडली. पाण्यात माणसे वाहून गेली तरी सैन्य पार झाले. मराठे कुरुक्षेत्राच्या वाटेवर असतानाच त्यांचा दिल्लीशी असलेला मार्ग तुटला.

जी नदी जुलैत मराठ्यांना ओलांडता आली नाही, तीच ऑक्टोबरमध्ये अब्दालीने ओलांडली. यात ऋतूचा भाग आहेच. परंतु मराठ्यांनी उतारांवर पुरेशा चौक्या ठेवल्या नव्हत्या. याउलट अब्दालीबरोबर नजीबखानाचे रोहिले होते आणि वरचा दुआब हा त्यांचा राहता मुलूख होता. नदी दोघांना एकच होती, परंतु तिची माहिती एकाच पक्षाकडे होती.

भूरचना : खादर, बांगर आणि गनिमी काव्याची मर्यादा

यमुनेच्या खोऱ्यात दोन प्रकारची भूमी आढळते. नदीलगतची सखल, दरवर्षी पुराखाली येणारी नवी गाळजमीन म्हणजे खादर आणि तिच्यापेक्षा काहीशी उंच, जुन्या गाळाची, चुनखडीयुक्त कंकर असलेली जमीन म्हणजे बांगर. पानिपत बांगराच्या कडेवर आहे. सभोवती मैलोगणती सपाट जमीन, अधूनमधून पळसाची झाडी, मातीच्या टेकाडांवर वसलेली गावे आणि पूर्वेस काही कोसांवर यमुना, असे या प्रदेशाचे चित्र होते. दगड नाही, डोंगर नाही, खिंड नाही.

मराठ्यांचे पारंपरिक युद्धतंत्र याच्या नेमक्या उलट भूरचनेत घडले होते. सह्याद्रीच्या रांगा, बसाल्टचे कडे, घाटवाटा आणि दर काही कोसांवरचा एखादा किल्ला हा गनिमी काव्याचा आधार होता. तथापि सपाट प्रदेशात मराठ्यांना लढता येत नव्हते असे म्हणणे चुकीचे ठरेल. १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला वैजापूरजवळच्या पालखेड येथे कोंडले, तो प्रदेश काही दुर्गम नव्हता. तेथे बाजीरावांच्या हलक्या घोडदळाने निजामाला त्याच्या जड तोफखान्यापासून दूर खेचले, पाणी व धान्य तोडले आणि मोठी लढाई न करताच मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. म्हणजे भूरचनेचा उपयोग करण्यास दोन गोष्टी लागतात, हालचालीचे स्वातंत्र्य आणि मुलखाची माहिती. पालखेडला या दोन्ही बाजीरावांकडे होत्या.

पानिपतला चित्र पालटले होते. इब्राहिमखान गारदीचा तोफखाना हे मराठ्यांचे मोठे बळ होते. सपाट मैदानात अशा तोफा परिणामकारक ठरतात. परंतु जड तोफा आणि त्यांना ओढणारे बैल यांमुळे सैन्याचा वेग बैलाच्या चालीवर येतो. सोबत कुटुंबे, यात्रेकरू आणि बुणगे होते. त्यांना मोकळ्या मैदानात सोडून देता येत नव्हते, कारण आश्रय घेण्याजोगा डोंगर वा किल्ला जवळ नव्हता. भरतपूरच्या सूरजमल जाटाने कुटुंबे आणि जड सामान मागे ठेवून हलक्या घोडदळाने लढण्याचा सल्ला दिला होता, तो या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. पानिपतला मराठ्यांनी खंदक खणून छावणी बंदिस्त केली. पालखेडला जे निजामाचे झाले, ते येथे मराठ्यांचे होऊ लागले. फरक इतकाच की पालखेडला पाणी तुटले होते. पानिपतला विहिरींना पाणी होते, धान्य नव्हते.

शेतीचे वेळापत्रक आणि रसदीचा हिशेब

नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ दिवस, दोन्ही सैन्ये एकमेकांसमोर तळ देऊन होती. हा काळ कृषिवर्षाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या भागात बाजरी-ज्वारीचे खरीप पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत निघते आणि गहू-हरभऱ्याची रब्बी पेरणी त्याच सुमारास होते. रब्बीचे धान्य हाती येते ते एप्रिलमध्ये. डिसेंबर-जानेवारीत शेतात कोवळा गहू उभा असतो. तो घोड्याला चारता येतो, माणसाला खाता येत नाही. त्यामुळे या काळात सैन्याला जे धान्य मिळावयाचे ते गावांच्या पेवांतून आणि व्यापाऱ्यांच्या कोठारांतून. ते मिळविण्यासाठी पैसा तरी हवा, नाही तर गावकऱ्यांची अनुकूलता तरी हवी.

प्रश्नाचा आवाका समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब करून पाहता येईल. उभय पक्षांच्या सैन्यसंख्येविषयी अंदाजांत बरीच तफावत आहे. मराठ्यांचे लढाऊ सैन्य साधारणतः ४५ ते ६० हजारांच्या दरम्यान मानले जाते आणि बुणगे व यात्रेकरू त्याहून वेगळे होते. केवळ हिशेबासाठी छावणीत एक लाख माणसे आणि पन्नास हजार जनावरे धरली, माणशी अर्धा किलो व जनावरामागे दोन किलो धान्य धरले, तर दररोज १५० टन धान्य लागते. एका बैलावर सव्वाशे किलो ओझे धरल्यास हे बाराशे बैलांचे ओझे झाले. दिल्ली ते पानिपत हे ९० किलोमीटरचे अंतर लादलेला बैल पाच-सहा दिवसांत तोडतो आणि रिकामा परततो. म्हणजे हा पुरवठा अखंड राहण्यासाठी बारा ते चौदा हजार बैल सतत रस्त्यावर असावे लागतील आणि रस्ता आरंभापासून अखेरपर्यंत सुरक्षित असावा लागेल. अंदाजातील आकडे कमी केले तरी अडचणीचे स्वरूप बदलत नाही. नव्वद किलोमीटरच्या वाटेवर एका ठिकाणी जरी शत्रूचे फिरते घोडदळ आले, तरी सगळी साखळी तुटते. बागपतचा उतार नेमका या वाटेच्या दिशेने उघडत होता.

मानवी भूगोल : कोणाचा मुलूख?

अब्दालीही घरापासून शेकडो कोस दूर होता. त्याच्या सैन्यालाही धान्य लागत होते आणि आरंभी त्याच्या छावणीतही टंचाई होती. मराठे दूर होते म्हणून हरले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. अब्दालीला परमुलखात घर मिळाले आणि मराठ्यांना ते मिळाले नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

यमुनेपलीकडे वरच्या दुआबात नजीबखानाची सत्ता होती. त्याच्या पूर्वेस रोहिलखंडात हाफिज रहमतखान, दुंदेखान यांची ठाणी होती आणि त्यापलीकडे शुजाउद्दौल्याची अयोध्या होती. अठराव्या शतकात या भागात स्थायिक झालेले रोहिले हे मूळचे अफगाण होते. भाषा, नातेगोते आणि हितसंबंध या तिन्ही दृष्टींनी ते अब्दालीला जवळचे होते. मराठ्यांचा उत्तरेतील विस्तार नजीबखानाच्या अस्तित्वावरच उठलेला होता, त्यामुळे अब्दालीचा तळ पोसणे हा त्याच्या स्वतःच्या बचावाचा प्रश्न होता. यमुना ओलांडल्यानंतरही अब्दालीचा दुआबाशी संपर्क कायम राहिला आणि धान्य येत राहिले.

मराठ्यांची स्थिती वेगळी होती. गेल्या काही वर्षांत मराठी फौजांनी चौथाई व खंडणी वसूल केली होती, राजपुतान्याच्या वारसातंट्यांत हात घातला होता. या व्यवहारांतून उत्पन्न मिळाले, परंतु माणसे जोडली गेली नाहीत. राजपूत राजे तटस्थ राहिले. सूरजमल दिल्लीनंतर बाजूला झाला. पंजाबात पतियाळाच्या अलासिंगाकडून काही काळ धान्य मिळाले, पुढे तो मार्गही अफगाण पथकांनी रोखला. दुआबातून रसद धाडण्याची आणि शत्रूची रसद तोडण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. पंत वयोवृद्ध होते आणि त्यांचे आयुष्य मुख्यतः महसुलाच्या कामात गेले होते. डिसेंबर १७६० मध्ये दिल्लीच्या पूर्वेकडील दुआबात अताईखानाच्या घोडदळाने त्यांना अचानक गाठून ठार केले. ज्या मुलखात मराठ्यांचे कमाविसदार होते, पण गावांशी जिव्हाळ्याचा संबंध नव्हता, तेथे शत्रूच्या चालीची खबर वेळेवर मिळाली नाही. पंतांबरोबर दुआबातील रसदीची आशाही संपली.

हिवाळा, अंधार आणि छावणी

पानिपत परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा पाच-सात अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या आवर्तांमुळे मधूनच पाऊस पडून थंडी वाढते. आकाश निरभ्र असताना ओलसर जमिनीवर पहाटे धुके दाटते. अफगाण सैनिकांना याहून कडक हिवाळ्याची सवय होती आणि मेंढीच्या कातड्याचे अंगरखे त्यांच्या नेहमीच्या पोशाखाचा भाग होते. दख्खनच्या सौम्य हिवाळ्याला सरावलेल्या माणसांना ऊब हवी तर सरपण हवे आणि सरपण खंदकाबाहेर होते. रात्री लाकूडफाटा आणि गवत आणण्यास बाहेर पडलेल्या बुणग्यांवर अफगाण गस्ती पथकांनी हल्ले केले. थंडी आणि भूक या वेगवेगळ्या आपत्ती नव्हत्या, कारण उपाशी शरीराला थंडी अधिक बाधते. मेलेल्या जनावरांमुळे छावणीची हवा दूषित झाली होती, असेही वर्णन आढळते.

अंधारानेही नुकसान केले. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले, त्या वेळी अमावास्या जवळ होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा अमावास्येच्याच सुमारास, दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली पराशर दादाजींची तुकडी वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली आणि मारली गेली. ज्या मैदानात खुणेचा डोंगर नाही, तेथे रात्री दिशा सांगणारा वाटाड्याच लागतो. सह्याद्रीत एखाद्या सुळक्याच्या आकृतीवरून वाट ओळखणाऱ्या माणसांना येथे सर्व दिशा सारख्या होत्या.

१४ जानेवारी : रणांगणावरील भूगोल

उपासमार असह्य झाल्यावर १४ जानेवारीला सकाळी मराठे छावणीबाहेर पडले. शेजवलकरांच्या मांडणीनुसार तोफखाना व पायदळ यांच्या आधाराने गोल बांधून यमुनेच्या दिशेने सरकावयाचे आणि वाट काढावयाची, असा हेतू होता. म्हणजे अखेरच्या दिवशीही उद्दिष्ट नदी हेच होते.

मराठ्यांचे तोंड दक्षिण-आग्नेय दिशेला होते. पानिपतच्या अक्षांशावर (सुमारे २९.४ अंश उत्तर) जानेवारीच्या मध्यास सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ३९ अंशच वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे ५० अंशांवर असतो. परिणामी सकाळपासून दुपारपर्यंत तिरपे ऊन मराठ्यांच्या डोळ्यांवर होते आणि अफगाणांच्या पाठीवर. आदल्या दिवसांच्या उपासाने थकलेल्या सैन्यासाठी हा अतिरिक्त भार होता.

लढाईचा पूर्वार्ध मराठ्यांना अनुकूल गेला. डाव्या बाजूस गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली आणि मध्यभागी भाऊंनी वजीर शाहवलीखानाची फळी मागे रेटली. दुपारनंतर अब्दालीने राखीव सैन्य पुढे घातले. मोकळ्या सपाट मैदानात उंटांवरील हलक्या तोफा, म्हणजे जंबुरके, हव्या त्या ठिकाणी झपाट्याने नेता येत होत्या. मराठ्यांच्या जड तोफा मात्र सैन्य पुढे सरकताच मागे राहिल्या. राखीव दळ राखण्यासाठी विश्रांती घेतलेली, पोटभर जेवलेली माणसे आणि घोडी लागतात. मराठ्यांकडे तशी शिल्लक नव्हती. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले आणि त्यानंतर फळी मोडली. एका गोळीने सैन्य मोडले, हे वर्णन खरे असले तरी पुरे नाही. अडीच महिन्यांच्या उपासमारीने त्याची सहनशक्ती आधीच संपत आली होती.

पराभवानंतरची भूमी

मराठ्यांची सर्वाधिक हानी लढाईत झाली नाही, ती पाठलागात आणि नंतरच्या कत्तलीत झाली. याचेही कारण भूगोलात आहे. जानेवारीचा दिवस तेथे साडेदहा तासांहूनही लहान असतो. लढाई मोडल्यानंतर थोड्याच वेळात सूर्यास्त झाला. परंतु ती अष्टमीची रात्र होती. मध्यरात्रीपर्यंत चांदणे होते आणि सपाट मैदानात ते पाठलाग करणाऱ्याच्या कामी आले. दख्खनमध्ये मोडलेली फौज काही कोसांवरच्या किल्ल्यावर चढते वा रानात शिरते. येथे पहिला खात्रीचा आसरा म्हणजे सूरजमलाचा डीग-भरतपूरचा मुलूख, आणि तो दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होता. सूरजमलाने आलेल्या जखमी व भुकेल्या माणसांना अन्नवस्त्र दिले आणि दक्षिणेकडे रवाना केले. तरुण नाना फडणवीस बचावले, त्यांच्या मातोश्री मात्र परतल्या नाहीत. ज्या जाटांचा सल्ला मानला गेला नव्हता त्यांच्याच गावांनी अखेरीस मराठ्यांना आश्रय दिला, ही गोष्ट मानवी भूगोलाचे महत्त्व अन्य कोणत्याही पुराव्याहून अधिक स्पष्ट करते.

भौगोलिक नियतिवादाची मर्यादा

या सर्व विवेचनावरून भूगोलानेच मराठ्यांचा पराभव केला, असा अर्थ काढणे म्हणजे दैवाच्या जागी भूगोल बसविणे होय. भूगोलशास्त्रात नियतिवाद आणि संभववाद हा वाद जुना आहे. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो, ही संभववादाची भूमिका या युद्धाला अधिक लागू पडते. उतारांवर चौक्या ठेवणे, कुटुंबे ग्वाल्हेर वा भरतपूरकडे ठेवणे, सूरजमलाला सोबत राखणे या शक्यता मराठ्यांपुढे होत्या.

याचे दुसरे प्रमाण विजेत्याच्या बाबतीत सापडते. युद्ध जिंकूनही अब्दाली हिंदुस्थानात राहू शकला नाही. थकलेल्या पगारासाठी त्याचे सैन्य कुरकुरू लागले, उन्हाळा जवळ येत होता आणि मार्च १७६१ मध्ये त्याने दिल्ली सोडली. परतीच्या वाटेवरील पंजाबात शीख पथकांनी त्याला स्वस्थता लाभू दिली नाही. दुआबात त्याला जो मानवी आधार होता तो पंजाबात नव्हता. एकाच सेनापतीचे एकाच वर्षात एका खोऱ्यात बळ वाढते आणि दुसऱ्या खोऱ्यात घटते, याचे स्पष्टीकरण केवळ त्याच्या युद्धकौशल्याने करता येत नाही.

निष्कर्ष

१. पानिपतच्या युद्धाचा निर्णय १४ जानेवारीच्या रणांगणापेक्षा आधीच्या अडीच महिन्यांच्या कोंडीत झाला आणि त्या कोंडीचे मूळ ऑक्टोबरमधील बागपतच्या उतारात होते.

२. यमुना, मैदान, थंडी आणि पीकपाण्याचे वेळापत्रक हे घटक उभय पक्षांना समान होते. त्यांचे परिणाम विषम झाले, कारण एका पक्षाला दुआबातील वस्तीचा आधार होता आणि दुसऱ्याला नव्हता.

३. सदाशिवरावभाऊ, मल्हारराव वा गोविंदपंत यांच्यावरील दोषारोप भूगोलाच्या संदर्भात तपासले असता त्यांची तीव्रता कमी होते, परंतु ते पूर्णतः पुसले जात नाहीत. उतार मोकळे राहिले ही निवडीतील चूक होती आणि उत्तरेत मित्र उरले नाहीत हे अनेक वर्षांच्या धोरणाचे फलित होते.

४. इतिहासाच्या अध्यापनात लढायांचे वर्णन तारखा आणि सेनापती यांपुरते मर्यादित न ठेवता नद्यांचे पूर, पिकांचे हंगाम आणि वस्त्यांची रचना यांच्याशी जोडल्यास विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव अधिक स्पष्टपणे समजेल. इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे करण्यासारखे हे काम आहे.

मराठ्यांनी नर्मदा, चंबळ आणि दिल्लीपर्यंतचा प्रदेश घोड्यावरून जिंकला होता. जिंकलेल्या मुलखात आपला माणूस असावा लागतो आणि त्या मुलखाने आपल्याला आपले मानावे लागते. अठराव्या शतकातील मराठी सत्तेला दख्खनमध्ये जे सहज लाभले होते, ते यमुनेच्या काठी तिने निर्माण केले नव्हते. पानिपतच्या मैदानावर उणीव पडली ती शौर्याची नव्हे, या आधाराची.